पोकळीतला नवरा

मंदार टिपणीसला समुद्र मिळाला तो एका अटीवर. अट बायकोची होती आणि ऐकायला अगदी साधी होती: रोज संध्याकाळी सहाला, जिथे असशील तिथून, चहा पिता पिता माझ्याशी बोलायचं.

लग्न झाल्यापासून दोघं त्या वेळी ठाण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेत आले होते. संपदा दिवसभराचं सांगायची, मंदार "हं" म्हणायचा, आणि काही ठरवायची वेळ आली की "बरं, तू म्हणशील तसं" म्हणायचा. ओळखीचे लोक याला समजूतदार संसार म्हणत. मंदारही तसंच समजत असे. संपदा काय समजते हे तिने कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तेव्हा तो "हं" म्हणाला असेल.

तो विमा कंपनीत होता. दाव्यांची छाननी संगणक करायला लागल्यावर कंपनीने त्याला पुष्पगुच्छ देऊन लवकर घरी पाठवलं. मग कॉलेजातला मित्र ऑल्विन डाबरे आणि तो, दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली. ऑल्विन वसईचा. सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाल्यामुळे त्याने समुद्र असा फारसा पाहिलेलाच नव्हता. बोटीचं नाव ठेवलं 'निवांत'. पावसाळा सरला की मुंबईहून निघायचं, किनारा धरून बंदराबंदराने गोव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. संपदाला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा उलटी व्हायची, त्यामुळे ती येण्याचा प्रश्न नव्हता. म्हणून अट.

कोकणच्या किनाऱ्याने बोट चालवायची तर वारा, खडक आणि मच्छीमारांची जाळी सांभाळावी लागतात, हे पुस्तकांत लिहिलेलं होतं. रेंजबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. किनाऱ्याजवळ असलं की गावातल्या टॉवरवर फोन चालतो. जरा आत समुद्रात गेलं की टॉवर सुटतो आणि उपग्रहाची थाळी कामाला येते, पण थाळीला मोकळं आकाश लागतं आणि शिडाची बोट तर चालते तीच एका अंगावर कलून. राहिला रात्रीचा मुक्काम. चांगला मुक्काम म्हणजे डोंगराच्या आडोशाची खाडी, जिथे वारा लागत नाही. जिथे वारा लागत नाही तिथे टॉवरही लागत नाही आणि उपग्रहही. म्हणजे बोट सुखरूप असली की संसार धोक्यात, आणि संसार सुखरूप तेव्हा बोट.

पहिल्या वर्षी व्हायचं ते असं. संपदाचं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल सगळं सांगून व्हायचं आणि मग तिच्या लक्षात यायचं की समोर नुसताच तोंड उघडं टाकलेला एक फोटो आहे. फोटो हलायला लागला की ती विचारायची, कुठपर्यंत ऐकलंस. मंदार म्हणायचा, सगळं. ती म्हणायची, मग सांग टाकीचं काय ठरलं. त्या वर्षी 'निवांत' हर्णैहून परत फिरली. कारण हवामान असं बोटीच्या नोंदीत लिहिलं, आणि ते एका अर्थी खरंच होतं.

दुसऱ्या वर्षी मंदारने 'अखंड' घेतलं.

मुळात युक्ती जुनी. फोनवरचा आवाज बारीक बारीक तुकड्यांनी येतो आणि वाटेत काही तुकडे हरवतातच. ते हरवले की फोन गप्प बसत नाही. आधीचा तुकडा थोडा ताणतो आणि भोक बुजवतो. भोक पापणी लवण्याइतकं असलं तर कानाला कळतही नाही. नंतरच्या लोकांनी फक्त भोक मोठं केलं. आधी अक्षर भरलं, मग शब्द, मग वाक्य. माणूस पुढे काय बोलेल याचा अंदाज बांधायला त्याचं जुनं बोलणं भरपूर लागतं, आणि ते तर वर्षानुवर्षांच्या व्हिडिओ कॉलमधून तयारच होतं. बरं, हरवलेलं भरायचं ते ऐकणाऱ्याच्या बाजूला भरायला हवं. म्हणून बोटीवर एक डबी आणि घरच्या टॅबमध्ये मंदारची एक नक्कल बसवली. रेंज गेली की घरची नक्कल त्याच क्षणापासून बोलणं पुढे नेणार. तोच आवाज, तोच चेहरा, हातात तोच कप. रेंज आली की खरा मंदार आत सरकवला जाणार आणि सांधा दिसणार नाही. कंपनीच्या माणसाने नक्कल शिकायला आठवडा लागेल असं सांगितलं होतं. मंदारच्या बाबतीत दुपारच्या जेवणापर्यंत झालं.

देशात तोवर हे सगळीकडे आलं होतं. एका खात्याची आढावा बैठक पूर्ण वेळ सगळ्यांच्या नकलांनीच घेतली आणि त्यातले निर्णय नेहमीपेक्षा बरे निघाले, अशी बातमीही येऊन गेली होती. यंत्राने भरलेलं बोलणं नेमकं कोणाचं, याचा खटला मात्र कोर्टात पडून होता. तेव्हा नसती जबाबदारी नको म्हणून कंपनी ते बोलणं कुठेच साठवत नसे. रेंज आल्यावर डबीवर फक्त एक ओळ उमटायची: विषय अमुक, तुमचा प्रतिसाद तमुक.

समोरच्या माणसाला याची कल्पना देणं कायद्याने बंधनकारक होतं. ती संपदाच्या टॅबवर एका लांबलचक पानाच्या शेवटी दिली गेली आणि संपदाने 'मान्य' दाबलं. तिने ते वाचलं नसणार, असं मंदार धरून चालला. कोणीच वाचत नाही.

आणि मग दिवस फार छान गेले. संपदा खूश दिसायची. "हल्ली तू मध्ये मध्ये 'मग?' म्हणून विचारतोस," असं ती एकदा म्हणाली. मंदारने कधी विचारलं नव्हतं. ओळख बसल्यावर नक्कल जरा पुढाकार घेऊ लागते असं माहितीपत्रकात होतं. श्रेय आयतं मिळत होतं, त्याने घेतलं.

डबीवर एक चाचणीचं बटण होतं. रेंज असतानाही ते दाबलं की नक्कल सुरू व्हायची. यंत्र नीट चाललंय ना हे तपासण्यापुरतं, म्हणून तेव्हा दोन्हीकडचं बोलणं बोटीवरच्या स्क्रीनवरही ऐकू यायचं. मंदारने ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा शिडाचा दोर खरोखरच अडकला होता. दुसऱ्यांदा अडकल्यासारखा वाटत होता. त्यानंतर त्याने कारण शोधायचं सोडून दिलं.

रविवारी पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला होता. एका होडीवाल्याने ताजे बांगडे दिले होते आणि रेंज अगदी उत्तम होती. सहाला मंदार केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसला, संपदा कशी आहेस वगैरे झालं, ती जरा घुटमळून म्हणाली की तुला एक सांगायचं होतं. वरून तव्याचा वास आला. संपदाचं 'एक सांगायचं' सहसा लांबतं, हा त्याचा अनुभव होता. त्याने बटण दाबलं आणि डेकवर गेला. मध्ये ऑल्विन मीठ आणायला खाली गेला आणि बऱ्याच वेळाने, तेही मीठ न घेताच वर आला. बांगडे अळणीच खाल्ले. मंदार खाली आला तेव्हा कॉल संपलेला होता आणि डबीवर ओळ होती: विषय गुरुवार. तुमचा प्रतिसाद संमती.

गुरुवार म्हणजे काय, हे त्याला विचारता येण्यासारखं नव्हतं. आपण कशाला हो म्हणालो हे बायकोला विचारायचं म्हणजे आपण तिथे नव्हतो हे सांगायचं. मग अट मोडली, मग बोट गेली. त्याने ठरवलं की दुसऱ्या दिवशी आडून आडून काढून घ्यायचं. आयुष्यभर दावे तपासले होते, एवढं जमायला हरकत नव्हती.

सोमवारी ते विजयदुर्गच्या दिशेने चालले होते. वारा वाढत होता, पण रेंज होती. ऑल्विन सुकाणूवर, मंदार शेजारी फोन घेऊन. त्याने चहाचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, गुरुवारचं पक्कं ना. संपदा म्हणाली, पक्कंच आहे, आपलं ठरलंय ना. त्याने वेळ विचारली. साडेदहा. त्याने नाश्त्याचं विचारलं.

"उपाशीपोटीच जायचंय रे," ती म्हणाली.

मंदारने हिशेब मांडला. गुरुवार, सकाळची वेळ, उपाशीपोटी. संपदाच्या बहिणीने नुकतंच नवीन घर घेतलं होतं. कोडं सुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसलाच असणार.

"मग माझ्यासाठी प्रसाद ठेव," तो म्हणाला.

संपदा त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा इतका स्थिर झाला की रेंज गेली असं त्याला वाटलं. मग तिने आपला कप उचलला.

"ठेवते," ती म्हणाली आणि कॉल संपला.

ऑल्विनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात वाऱ्याने मोठं शीड असं काही फडफडवलं की दोघांना पुढचे काही तास दुसरं सुचलं नाही. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्याचं वायरलेसवर सांगत होते. त्यांनी शीड उतरवलं, इंजिनवर वाघोटनच्या खाडीत बरंच आत गेले आणि अंधार पडल्यावर एका डोंगराच्या पोटाशी नांगर टाकला. अत्यंत सुरक्षित जागा होती. अर्थात रेंज नव्हती.

मंगळवारी दिवसभर ऑल्विनने इंजिन उघडलं आणि परत बसवलं. इंजिनात काही बिघाड नव्हता. ऑल्विन अस्वस्थ झाला की असं करतो, हे मंदारला कॉलेजपासून माहीत होतं. तेव्हा मोटरसायकल होती. संध्याकाळी मंदारने सवयीने चहाचं आधण ठेवलं, तेव्हा ऑल्विन हात पुसत समोर येऊन बसला. रविवारी मी मीठ आणायला खाली गेलो होतो, असं त्याने सुरू केलं.

"वहिनी रडत होत्या," तो म्हणाला. "तू छान समजूत काढत होतास."

मंदारने गॅस बंद केला.

ऑल्विनने सांगितलं ते तुटक तुटक होतं, कारण तो दाराशी उभा राहून ऐकणारा माणूस नव्हता आणि तरी उभा राहिला होता. छातीत गाठ आहे. गुरुवारी भूल देऊन काढणार आणि तपासायला पाठवणार. मुलीला बंगलोरला कळवलेलं नाही. मी एकटी जाईन, तू ट्रिप मोडू नकोस, असं वहिनी म्हणत होत्या.

"आणि मी?"

"तू म्हणालास, बरं, तू म्हणशील तसं." ऑल्विनने हात परत पुसले. "मला वाटलं, माझं लक्ष नसताना तूच परत खाली आलास. वर आलो, तर तू बांगडे उलटत होतास."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुझंच बोलणं तुला? मला वाटलं, यंत्र नंतर सगळं सांगत असेल तुला. काल तू प्रसाद म्हणालास, तेव्हा कळलं."

मंदारने डबी समोर ओढली. राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण तो कोणावर काढायचा हे ठरेना. यंत्राने चूक केली नव्हती. यंत्राच्या जागी मंदार स्वतः असता तरी तेच म्हणाला असता, त्याच सुरात, आणि आपण बायकोच्या मनासारखं केलं असं समजून बांगड्यांकडे गेला असता.

आधी त्याने डबी बंद करायचा प्रयत्न केला. 'अखंड' कायमचं बंद करण्यासाठी कस्टमर केअरशी बोला, असं तिच्यावर आलं. बोटीची थाळी आणि टॉवर पकडणारा अँटेना, दोन्हींवरचे कॉल त्या डबीतूनच जात होते. किनाऱ्यावर जावं तर ओहोटी लागलेली. पाणी आणि गाव यांच्यामध्ये गुडघाभर चिखल आणि खारफुटी. भरती यायला बराच अवकाश होता, आणि सहा वाजायला नव्हता.

"डोंगरापलीकडे टॉवर आहे," ऑल्विन वर बघत म्हणाला. "डोलकाठीच्या टोकावरून साधा फोन लागेल कदाचित."

दोघांनी मान वर करून डोलकाठीकडे पाहिलं. टोकावरचा दिवा दुरुस्त करण्यासाठी बोटीवर एक कापडी झोपाळा होता. त्यात माणूस बसतो आणि खालचा माणूस दोराने त्याला वर ओढतो. आजवर प्रत्येक वेळी, वजन कमी म्हणून, ऑल्विन बसला होता.

मंदार झोपाळ्यात बसला. फोन गळ्यात अडकवला आणि हातात झाकणाचा मग घेतला. हा मग कशाला, असं ऑल्विनने विचारलं. मंदार म्हणाला, अट आहे.

ऑल्विन ओढायला लागला. खाली खाडी शांत होती, पण डोलकाठीच्या टोकाला तोच शांतपणा चांगला हातभर झुलत होता. अर्ध्यावर मगाचं झाकण सुटलं. खालून ऑल्विनने वसईच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ते प्रार्थनेतलं नव्हतं. टोकाला पोचल्यावर मंदारने एका हाताने डोलकाठीला मिठी मारली आणि डोळे उघडले. डोंगराच्या कडेवरून पलीकडचा लाल-पांढरा टॉवर दिसत होता. फोनवर दोन रेघा आल्या.

संपदाने फोन उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी आत्ता तुझ्याशीच बोलतेय."

तिच्या मागून मंदारला स्वतःचा आवाज ऐकू आला. "मग?" असं तो आवाज अगदी आपुलकीने विचारत होता. गॅलरीतल्या टेबलावर टॅब उभा होता. बोटीशी संपर्क तुटून दिवस झाला तरी सहाच्या ठोक्याला नक्कल हजर झाली होती. इस्त्रीचा टी-शर्ट, विंचरलेले केस, हातात कप.

"तू कुठे आहेस?" संपदाने विचारलं.

"डोलकाठीवर."

"कशाला?"

"रेंज."

 फोन जरा जवळ घेऊन तिने बघितलं. "शर्टावर काय आहे?"

"चहा. उरलेला ऑल्विनवर आहे." बोट झुलली, चित्र फाटलं, परत जुळलं. "संपदा, रविवारी मी नव्हतो."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्याच्या कपातला चहा कमी होत नाही." तिने टॅबकडे मान वळवली. "घोट घेतो, खाली ठेवतो, कप भरलेलाच. तू तर शेवटचा घोट असा ओढतोस की शेजारच्यांना कळावं चहा संपला."

"मग बोलायचीस कशाला त्याच्याशी?"

"ऐकत होता," संपदा म्हणाली.

टॉवरवर एक घार येऊन बसली. मंदारने तिच्याकडे बघितलं, कारण फोनकडे बघवत नव्हतं.

तुला सांगायचा धीर होत नव्हता, असं ती मग सांगू लागली. तू घाबरलास की तुला सांभाळायचं काम माझ्याकडेच येतं. रविवारी कसंबसं सुरू केलं तर समोर तो आला, म्हणून आधी त्यालाच सांगून बघितलं. तो तुझ्यावरूनच शिकलाय, म्हटलं, तू काय म्हणशील ते आधीच कळेल.

"आणि कळलं," ती म्हणाली.

मध्येच तिचा आवाज गेला. ओठ हलत होते. मंदार जमेल तेवढा टॉवरच्या बाजूला वाकला, झोपाळा गर्रकन फिरला, खालून ऑल्विन ओरडला. आवाज परत आला तेव्हा ती वाक्याच्या शेवटाशी होती.

"ऐकू नाही आलं," मंदार म्हणाला. "परत सांग."

आजवर अशा वेळी तो "हं" म्हणत आला होता. संपदा क्षणभर गोंधळलीच. मग तिने परत सांगितलं, की डॉक्टर म्हणतात बहुतेक साधी असेल, पण ते 'बहुतेक' म्हणताना कागदाकडे बघत होते. अर्धं वाक्य परत गळलं. त्याने परत विचारलं. तिसऱ्या वेळी सांगताना तिला रडू आलं आणि त्याच्या केसांकडे बघून थोडं हसूही.

"मी नाही म्हणतोय," मंदार म्हणाला.

"कशाला?"

"एकटी जायला. भरती आली की किनाऱ्यावर उतरतो. कणकवलीहून गाडी मिळेल. उद्या घरी."

"येऊन काय करणार तू? दवाखान्याच्या वासाने तुझे पाय लटपटतात."

"लटपटतील."

"घाबरशील."

"हो," तो म्हणाला. "घाबरलोच आहे. आत्ता दोन्ही कारणांनी."

संपदाने पदराने नाक पुसलं. "आणि ते प्रसादाचं..."

"संपदा, ते..."

"आत्ता नको. गुरुवार होऊ दे. त्यावर मी सावकाश बोलणार आहे आणि तू पूर्ण ऐकणार आहेस."

खालून ऑल्विनने विचारलं की उतरवू का, माझे हात भरून आलेत. मंदारने त्याला थांबायची खूण केली. खूण करायला डोलकाठी सोडावी लागली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

संपदा तोवर टॅबकडे वळली होती. तो बिचारा अजून कप हातात धरून वाट बघत होता.

"ठेवते आता," तिने त्याला सांगितलं.

"बरं," तो मंदारच्या आवाजात म्हणाला. "तू म्हणशील तसं."

तिने टॅब बंद केला आणि फोन कपाच्या आधाराने समोर उभा केला. कपातला तिचा चहा निवून गेला होता.

"आणि तू?" तिने विचारलं.

"मी नाही ठेवत," मंदार म्हणाला.